गाडी पाहायची, पण कोणाच्या डोळ्यांनी?

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवतात. सासूबाईंच्या उपचारांसाठी महिन्यातून दोन-तीनदा आंबा घाटातून कोल्हापूरला जावं लागतं आणि दर वेळी भाड्याची गाडी करणं आता झेपत नाही. नव्या गाडीइतके पैसे नाहीत. साडेचार लाखांपर्यंत जुनी गाडी घ्यायचं ठरलं आहे. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका कंपनीच्या ॲपवर त्यांना २०१७ ची डिझेल हॅचबॅक सापडली. गाडी गुरुग्रामला, पासिंग दिल्लीचं, किंमत चार लाख दहा हजार. दोनशे मुद्द्यांची तपासणी झालेली, घरपोच मिळणार, सात दिवसांत पसंत न पडल्यास परत. हेच मॉडेल आपल्याकडे लाखभराने महाग आहे. ॲपवर गाडी त्यांच्या नावाने तीन दिवस राखून ठेवली आहे. यजमान म्हणतात, न पाहता गाडी घेणं हा जुगार. दीर म्हणतात, माझ्या मित्राची पेट्रोल गाडी आहे, 'एकदम कडक', ती घ्या. ताईंना त्या मित्राच्या शब्दापेक्षा ॲपवरचा अहवाल भरवशाचा वाटतो, पण घरात तसं बोलता येत नाही. त्या विचारतात: न पाहता गाडी घेण्यात खरंच एवढा धोका आहे का, की ही नुसती जुनी भीती आहे?

ताई, नमस्कार.

पाहून की न पाहता, यावर तुमच्या घरात दोन तट पडलेत. पण समजा, ती गुरुग्रामची गाडी उद्या तुमच्या अंगणात येऊन उभी राहिली, तर तुम्ही दोघं काय पाहाल? रंग, सीट कव्हर, टायर. यजमान बॉनेट उघडतील, बाजारपेठेपर्यंत एक चक्कर मारून येतील, एसी थंड करतोय का ते बघतील. एवढ्याने मन भरेल, माहिती फारशी वाढणार नाही. पुढचा पत्रा ठोकून पुन्हा रंगवलाय का, मीटर मागे घेतलंय का, गाडी कधी पाण्यात बुडाली होती का, बँकेचा बोजा उतरलाय का, यातलं काहीही अशा बघण्यात कळत नाही. यजमानांची भीती मी खोटी म्हणणार नाही. त्यांचा उपाय मात्र अपुरा आहे.

आता तुमचा भरवसाही जरा तपासू. एकीकडे 'कडक' हा एकच शब्द आणि दुसरीकडे प्रत्येक दरवाजाचा, प्रत्येक टायरचा फोटो, म्हटल्यावर तुम्हाला हायसं वाटणारच. पण तो अहवाल तयार कोणी केला? गाडी जो विकतोय त्यानेच. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून सांगते, परीक्षेला बसलेल्या मुलानेच आपली उत्तरपत्रिका तपासून गुण भरावेत, तसं हे आहे. मुलगा प्रामाणिक असेलही, पण निकाल लावताना आपण तेवढ्यावर विसंबत नाही. मी या कंपन्यांना नावं ठेवत नाही. बाजारात टिकायचं असतं म्हणून त्यातल्या बऱ्याच जणांचं काम रस्त्याकडेच्या दलालापेक्षा नीट असतं. तरी अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं की ही पाहणी तपासणीच्या दिवसापुरती आहे, ही हमी नव्हे. तो भाग उघडून वाचाच. शिवाय ब्रेक आणि क्लच 'ठीक' असा शेरा असला, तर ते गुरुग्रामच्या सपाट रस्त्यावर ठीक. माणसं आणि सामान भरून पावसात आंबा घाट चढायचा-उतरायचा, तेव्हा 'ठीक'चा अर्थ बदलतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाची मांडणी मी जरा बदलते. ही गाडी तुमच्या बाजूने कोण पाहणार आहे? आणि कागद तुमच्या नावावर होईपर्यंत तुमचे पैसे कोणाच्या हातात राहणार आहेत? या दोन्हींची उत्तरं नीट असली तर गुरुग्रामची गाडीही घेता येईल. ती नसली तर शेजारच्या आळीतलीही घेऊ नये.

त्या लाखभराच्या फरकाकडे येऊ, कारण खरं आकर्षण तेच आहे. दिल्लीची डिझेल गाडी स्वस्त का? दिल्ली आणि भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात (गुरुग्राम, नोएडा, फरीदाबाद त्यातच येतात) दहा वर्षांवरची डिझेल गाडी रस्त्यावर येऊ नये, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल वाहनं तिथे चालवण्यावर बंदी कायम ठेवली. २०२५ मध्ये अंमलबजावणीवरून पुन्हा उलटसुलट झालं आणि तिथल्या मालकांची धाकधूक वाढली. त्यामुळे गाडी दहाच्या जवळ आली की तिथला मालक ती काढायच्या घाईत असतो. आपल्याकडे तीच गाडी नोंदणीची पंधरा वर्षं चालते, आणि तपासणीत पास झाली तर पुढे पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवता येते. म्हणजे स्वस्त आहे म्हणून लगेच काळंबेरं आहे असं नाही. इतपत तुमचा हिशेब बरोबर आहे. शिवाय कोरड्या हवेतल्या गाडीचा खालचा पत्रा कमी गंजलेला असतो. किनाऱ्यावर दहा पावसाळे काढलेल्या गाडीखाली एकदा वाकून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

पण तो लाख पूर्ण लाख राहत नाही. ॲपवर 'घरपोच' लिहिलंय, ते तुमच्या तालुक्यापर्यंत की पुण्यापर्यंत, आणि त्याचे पैसे वेगळे का, हे विचारा. दिल्लीच्या कार्यालयातून दुसऱ्या राज्यासाठी ना-हरकत दाखला काढावा लागतो, त्याचा अर्ज म्हणजे फॉर्म २८. तो दाखला कंपनी काढून देणार की तुमच्या गळ्यात घालणार? गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर कायद्याने इथला नंबर घ्यावाच लागतो. नंबर घ्यायचा म्हणजे महाराष्ट्राचा एकरकमी रस्ता कर आला. दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे, डिझेलला १३. जुन्या गाडीला वयाप्रमाणे घटवून लावतात, पण हिशेब तुमच्या चार लाख दहा हजारांवर होत नाही, गाडी नवी असतानाच्या किमतीवरून होतो. इथेच भलेभले चकतात. दिल्लीत भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी तिथल्या कार्यालयाचा पाठपुरावा शाळा सांभाळून कोण करणार? वर नवी नंबरप्लेट, एजंटची फी, सुट्ट्या. माझ्या अंदाजाने फरकातला निम्म्याहून जास्त भाग इथेच विरघळतो. गाडीचा नंबर आणि मूळ किंमत घेऊन आधी रत्नागिरीच्या आरटीओत जा, कराचा आकडा काढून आणा, आणि मग ठरवा.

डिझेलच हवं का, हाही प्रश्न आहे. तुमचं रनिंग महिन्याला हजारभर किलोमीटरच्या आसपास दिसतं. त्यात डिझेलने पंपावर बचत होईल, नाही असं नाही. पण दहा वर्षांकडे झुकलेल्या डिझेल इंजिनाचा टर्बो किंवा इंजेक्टर एकदा बसला की ती बचत एका बिलात जाते. साडेचार लाखांच्या बजेटमध्ये मी तरी पेट्रोल बघेन.

आता एक गोष्ट, जी तुमच्याच पत्रात आहे आणि तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही महिन्यातून दोन-तीनदा कोल्हापूरला जाता. तिथे दवाखान्यात चार-पाच तास थांबता. कोल्हापूर काही लहान बाजार नाही. कार कंपन्यांची जुन्या गाड्यांची दालनं आहेत, ब्रोकर आहेत, थेट मालकांच्या जाहिराती आहेत. ॲप उघडा, पण शोध कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापुरता ठेवा. घरबसल्या चार गाड्या निवडा आणि पुढच्या फेरीत सासूबाईंबरोबर यजमान थांबतील तेव्हा तुम्ही बघून या, किंवा उलट. परराज्याचा दाखला नाही, नव्याने कर नाही, ट्रक नाही. ऑनलाइन शोधण्याचा फायदा आणि पाहून घेण्याचा फायदा, दोन्ही मिळतात. लाखभर वाचणार नाही हे खरं, पण तो तसाही वाचत नव्हता.

मग भाऊजींच्या मित्राची गाडी. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त अवघडलेपण इथे आहे, गुरुग्रामच्या गाडीबद्दल नाही. ओळखीची गाडी म्हणजे खात्रीची गाडी, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की त्यावर शंका घेतली तर माणसावर घेतल्यासारखं होतं. खरं म्हणजे ओळखीत भाव करता येत नाही, महिन्याभरात गिअरबॉक्स कुरकुरला तर बोलता येत नाही, आणि कागद राहिले तर 'होईल हो' ऐकत बसावं लागतं. तरी ती गाडी वाईट आहे असं गृहीत धरायचं तुम्हाला काहीच कारण नाही. ती जवळ आहे, हवी तितक्या वेळा बघता येते, तिचा मेकॅनिक कदाचित तुमच्याच गावचा आहे. भाऊजींना नाही म्हणू नका. म्हणा, "भाऊजी, तुमच्या मित्राची गाडीही यादीत घेते. तिन्ही-चारही गाड्या एकाच मेकॅनिकला दाखवायच्यात, तेव्हा तुम्ही बरोबर याल का?" अपमान कोणाचाच होत नाही, आणि मुख्य म्हणजे भाऊजी मित्राच्या बाजूचे न राहता तुमच्या बाजूने बघायला लागतात. गाडी त्या तपासणीत पास झाली तर घेऊन टाका.

मेकॅनिक कसा निवडायचा? विक्रेत्याने सुचवलेला नको, आणि या सौद्यात ज्याला दोन पैसे मिळणार आहेत तोही नको. गाडी ज्या कंपनीने बनवलीय तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन, रीतसर पैसे भरून, लिफ्टवर चढवून तपासून घ्या. दोन-तीन हजार जातील. चार लाखांच्या सौद्यात हे पैसे वाचवणारी माणसं मला कधी कळलेली नाहीत. दूरच्या गाडीलाही हाच नियम लावा. तुमची कोणी माजी विद्यार्थिनी, नातेवाईक त्या शहरात असेल तर तिला गाडी बघायला सांगू नका, फक्त स्वतंत्र मेकॅनिकला तिथे घेऊन जायला सांगा. विक्रेता बाहेरच्या मेकॅनिकला गाडी दाखवायला तयार नसेल, तर सौदा तिथेच संपला.

एवढं होऊनही काही जणांना लांबचीच गाडी घ्यावी लागते. हवं ते मॉडेल जवळपास नसतं, कोणी बदली होऊन नव्या गावी जाणार असतं. त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते.

ॲपवरचे फोटो बाजूला ठेवा आणि व्हिडिओ कॉल मागा, दिवसाउजेडी, शोरूमच्या दिव्यांखाली नको. इंजिन आधी चालू करून गरम केलेलं नको. बॉनेटवर तळहात ठेवून दाखवायला सांगा, मग पहिला स्टार्टर मारताना आवाज आणि धूर दोन्ही दिसू देत. दरवाजाचं रबरी बीडिंग थोडं ओढून आतली कड दाखवायला सांगा. कारखान्यातले वेल्डिंगचे गोल ठसे सारख्या अंतरावर असतात, ठोकून जोडलेल्या जागी ते नसतात किंवा वेडेवाकडे असतात. बॉनेटच्या बिजागऱ्यांच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर बॉनेट कधीतरी उतरवलं होतं. चॅसिस नंबर पत्र्यावर कोरलेला असतो, तो कॅमेऱ्यासमोर आणून आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार दाखवतंय आणि चारही टायर अलीकडचे आहेत, तर पहिले टायर इतक्यात कसे झिजले, हे विचारायचं. पेडलचं रबर, स्टिअरिंगची कातडी, ड्रायव्हरच्या सीटची कड, यांच्या झिजेकडेही बघा. डिजिटल मीटर मागे घेणं अवघड राहिलेलं नाही, या जागा कोणी सहसा बदलत नाही.

पुराची गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायला सांगा. पाण्याचा डाग आतल्या पट्ट्यावर राहतो. सीटखालच्या रुळांचा गंज, कार्पेटखालचा गाळ, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातली माती. २०२१ च्या जुलैत चिपळूणची बाजारपेठ बुडाली तेव्हा गाड्यांचं काय झालं ते तुमच्याकडे वेगळं सांगायला नको. २०१५ आणि २०२३ च्या डिसेंबरात चेन्नईत, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरातही पाणी असंच शिरलं होतं. बुडालेली गाडी धुऊनपुसून दूरच्या गावी विकली जाते, कारण दूरच्या गावात तिचा इतिहास कोणाला ठाऊक नसतो.

माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलका कागद म्हणजे विम्याची पॉलिसी, आणि लोक तो पाहतच नाहीत. त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के आहे ते बघा. एक वर्ष दावा केला नाही तर २० टक्के, दोन वर्षं २५, मग ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. एकच मालक, गाडी आठ वर्षांची, 'कधी ओरखडाही नाही' असं सांगतात आणि पॉलिसीवर बोनस शून्य? मग एक तर आदल्या वर्षी दावा झालाय किंवा विमा मध्ये बंद पडला होता. दोन्हींचं उत्तर मागा. उलट, सध्याच्या मालकाने गाडी दोनच वर्षांपूर्वी घेतली असेल तर बोनस कमी दिसू शकतो, कारण तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. त्याच कारणाने तो तुम्हालाही मिळणार नाही. जोडीला अधिकृत सर्व्हिस सेंटरचा इतिहास मागवा. शेवटच्या तीन-चार नोंदींतले किलोमीटर चढत जातात की मध्येच उतरतात, एवढं बघितलं तरी पुरे.

सरकारी परिवहन पोर्टलवर किंवा एमपरिवाहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, पीयूसी आणि बोजा आहे का ते दिसतं. ई-चलान थकलेत का ते वेगळं बघा. कर्ज फिटलंय असं तोंडी सांगितलेलं चालत नाही. बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हवा. मालकी बदलीचे फॉर्म २९ आणि ३०, ज्यांना आपल्याकडे टीटी फॉर्म म्हणतात, त्यांवर आरसीवर नाव असलेल्या माणसाचीच सही लागते. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन 'एजंट भरेल' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. एक नवी सोयही आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकृत विक्रेत्याचं प्रमाणपत्र घेता येतं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९सी ने होते. ते प्रमाणपत्र दाखवा म्हणावं. दाखवणारा विक्रेता आणि टाळाटाळ करणारा विक्रेता, यातला फरक लगेच कळतो.

पैशांचं. इसार द्यायचा तर थोडाच, आणि तो कोणत्या अटीवर परत मिळेल हे लिहिलेल्या पावतीवर. कंपनीच्या खात्यात द्या, सेल्समनच्या फोन नंबरवर नाही. बिलावर विक्रेता म्हणून कोणाचं नाव येणार ते आधी विचारा. काही ॲप स्वतः गाडी विकत घेऊन विकतात, काही फक्त तुमची आणि दुसऱ्या डीलरची गाठ घालून देतात, आणि गाडी बिघडली की हा फरक फार महाग पडतो. धंदा करणाऱ्याकडून घेतलेल्या गाडीत खोटं निघालं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, दिल्लीला खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्कही नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलून बघा. स्वतःची गाडी एकदाच विकणाऱ्या खासगी मालकाविरुद्ध मात्र हा रस्ता सहसा उपयोगी पडत नाही. तिथे आरसी नावावर होईपर्यंत थोडी रक्कम हातात राखणं आणि तसं दोघांच्या सहीने लिहून ठेवणं हाच उपाय.

'सात दिवसांत परत' हे वाचून तुम्ही निश्चिंत झालात, पण सात दिवस कधीपासून, किती किलोमीटरपर्यंत, परत पाठवायचा खर्च कोणाचा, पैसे किती दिवसांत, हे चारही लेखी घ्या. आणि गाडी आलीच तर ते सात दिवस हळद-कुंकू लावून, पेढे वाटण्यात घालवू नका. पहिल्याच दिवशी सर्व्हिस सेंटरच्या लिफ्टवर चढवा. दुसऱ्या दिवशी चार माणसं बसवून, एसी लावून साखरप्याकडून घाट चढा. तापमानाचा काटा बघा, वर पोचल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करा. चढताना क्लच सरकतो का, उतरताना ब्रेकचा वास येतो का, एवढ्यात निम्मी परीक्षा होते. अडीच-तीनशे किलोमीटरची मर्यादा असेल तर त्यातच हे बसवा.

विमा नावावर करायला चौदा दिवस असतात, ते विसरू नका. दुसऱ्याच्या नुकसानीचं संरक्षण कायद्याने गाडीबरोबर येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असेल तर अडकतो. आरटीओत मालकी बदलीचा अर्ज तीस दिवसांत.

इतर वाचकांसाठी एक इशारा, कारण अशी पत्रं वारंवार येतात. "मी फौजी आहे, बदली झालीय, गाडी घाईने काढायचीय", गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड आणि बाजारभावाच्या निम्मी किंमत. गाडी कुठल्या तरी विमानतळाच्या किंवा छावणीच्या आवारात असते, बघता येत नाही, आधी ट्रान्सपोर्टचे पैसे भरायचे असतात. मग जीएसटी, मग गेटपास, मग 'परत मिळणारी' अनामत, त्यासाठी एक क्यूआर कोड. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर रडत बसण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पहिले काही तास मोलाचे असतात. न पाहता गाडी घेणं आणि अस्तित्वातच नसलेली गाडी घेणं, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तुमची कंपनी त्यातली नाही, तरी शाळेत सहकाऱ्यांना हे सांगा.

राहता राहिली तुमची तीन दिवसांची मुदत. ती संपेल, ॲपवर 'आणखी सात जण ही गाडी बघत आहेत' असंही दिसेल. संपू द्या. तोवर कंपनीला एवढंच लिहून विचारा: दिल्लीचा ना-हरकत दाखला तुम्ही काढून देणार का, बाहेरचा मेकॅनिक चालेल का, आणि पॉलिसीची प्रत पाठवता का. तिन्हींना लेखी होकार आला आणि आरटीओतल्या कराच्या आकड्यानंतरही ती गाडी स्वस्त पडत असली, तर यजमानांना ते उत्तर दाखवा आणि पुढे जा. नाहीतर पुढच्या फेरीला कोल्हापूरला निघायच्या आदल्या रात्री तिथल्या तीन गाड्या निवडून ठेवा आणि भाऊजींना बरोबर घ्या.